महामायेच्या वाटेवरचा हीटर पाइप

देवी पावते की नाही, याबद्दल मला कधी शंका नव्हती. शंका एवढीच होती की, माझ्यासारखा हुशार माणूस घरात असताना तिला पावायची गरज काय. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रस्त्यांवर रोज नव्या लाल दिव्याच्या गाड्या धावत, आणि त्यांच्यातून वाट काढणारी आमची पंधरा वर्षांची गाडी एकदाही बंद पडली नव्हती. दर रविवारी तात्यापाऱ्यातल्या घरापुढे मी बॉनेट उघडायचो, रेडिएटरचे पाइप दाबून बघायचो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचो की गाडी राखावी लागते. हीटरच्या दोन पाइपांना मात्र मी कधी हात लावला नाही. रायपूरच्या माणसाला हीटर कशाला? ज्याचं बटण कधी फिरवलंच नाही ते खराब कसं होईल, असा माझा शास्त्रीय विचार.

त्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, पण आई ऑपरेशनला तयार होईना. आश्विन नवरात्रात रतनपूरच्या महामायेच्या देवळात आम्ही पावती फाडून मनोकामना ज्योत, म्हणजे नऊ दिवस तेवणारा नवसाचा दिवा, लावली होती. ती बघितल्याशिवाय डोळ्यांना कुणाला हात लावू देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. शेवटी पंचमीला दर्शन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, असा मध्य निघाला. निघताना तिनं घरच्या पाण्याची मोठी कॅन गाडीत ठेवायला लावली. रतनपुरात पाणी मिळत नाही का, म्हणून मी कुरकुरलो. ती ऐकते थोडीच.

रतनपूर कुठे, आणि आम्ही मायलेक जेमतेम रायपूरच्या वेशीवरच्या भनपुरीला पोचलो होतो. बॉनेटमधून वाफ निघाली, तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. ट्रकांच्या रांगेशेजारी गाडी थांबवली. दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगत आलो, नेमकं तेच मी करायला गेलो: फडकं घेऊन तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं.

"अभी झन खोल भैया, मुँहू जर जाही."

आत्ता उघडू नको, तोंड भाजेल, असं सांगणारा तो पांढऱ्या मिशांचा, लुंगीतला एक ट्रक ड्रायव्हर होता. गोदामात माल भरायला त्याचा नंबर लागायचा होता. त्यानं मला शाळेतल्या पोरासारखं ट्रकच्या पायरीवर बसवलं. गाडी थंड होईपर्यंत मी काय काय राखतो ते सगळं त्याला ऐकवलं, त्यानं ते शांतपणे ऐकलं. मग इंजिनामागे हात घालून हीटरचा एक पाइप वाकवून दाखवला. तो फुगला होता आणि टोकाशी उभा फाटला होता. हा कधी बदलला, त्यानं विचारलं. कधीच नाही, हीटर आम्ही लावतच नाही, मी म्हणालो. तो हसला. बटण फिरवा न फिरवा, म्हणाला, इंजिनाचं उकळतं पाणी या पाइपापर्यंत येतंच.

आईला मी म्हटलं, चल परत, दर्शन पुढल्या वर्षी.

"पुढल्या वर्षी मले काय दिसन रे?" ती सीटवरूनच म्हणाली. "ज्योत नाई तं ऑपरेशनही नाई."

तिला मी ओळखतो. आज परत फिरलो तर तिची नजर गेली, हे मला कळत होतं. माझ्याजवळ एकही युक्ती उरली नव्हती. तिथेच, डिझेलच्या वासात, मी हात जोडले. महामाये, आता तूच बघ.

ड्रायव्हरनं ते पाहिलं असावं. त्यानं पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, मागितला आणि हीटरचे दोन्ही पाइप काढले. दुसरा पाइप इंच इंच दाबून पाहिला. तो शाबूत निघाला. तोच वळवून त्यानं इंजिनाची दोन तोंडं एकमेकांना जोडली आणि हीटरला मधून वगळून टाकलं. मग पाणी हवं होतं. आईनं कॅन पुढे केली. जिच्यावरून मी कुरकुरलो होतो, तीच मी रेडिएटरमध्ये ओतली. इंजिन सुरू करून तो बराच वेळ काट्याकडे बघत उभा राहिला.

"जा, दाई ल दरसन करा के ले आ," म्हणाला. आईला दर्शन घडवून आण, आणि परतल्यावर दोन्ही पाइप नवे टाक, असं बजावलं.

मी हात धुऊन नाव विचारायला वळलो, तोवर रांग सरकली होती आणि त्याचा ट्रक फाटकाच्या आत गेला होता. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. ट्रक ड्रायव्हर होता, हात काळे होते, आणि वेळेवर आला.

देवळात शेकडो ज्योती तेवत होत्या. आई जाळीला धरून उभी राहिली. "मले तं एकेक ज्योत परातीएवढी दिसून राहिली," म्हणाली. मोतीबिंदूत दिवे असे पसरतात, हे मला ठाऊक होतं. तरी मीही तिच्याशेजारी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ती न कुरकुरता ऑपरेशनला गेली. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बघून तिचं पहिलं वाक्य: "काहून रे, इतका पांढरा झाला तू?"

पुढच्या रविवारी दोन्ही पाइप मी स्वतः बदलले. बोटं सोलली, पण एक थेंब गळला नाही. मिरवायची सवय काही गेली नाही, उलट वाढली. एवढंच कळलं की मी राखतो म्हणून सगळं चालतं, असं नाही. माझं लक्ष नसतं तिथेही काहीतरी आपलं काम करत असतं. आपली अक्कल संपली की निदान हात बाजूला घ्यावा, म्हणजे दुसऱ्याला हात घालता येतो.

पुढल्या नवरात्रात ज्योतीची पावती फाडताना कारकुनानं नाव विचारलं. आई म्हणाली, "भनपुरीवाला भैया लिहा." त्यानं गोत्र विचारलं, गाव विचारलं. "देवीले माहीत आहे," ती म्हणाली. मग पावती हातात घेतली आणि चष्म्याशिवाय, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मी मागे छाती काढून उभा होतो.