आत्याला ट्यूमर नव्हता

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. घरी पोहोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. हृदयविकाराचा झटका आला, असं बाबा येईल त्याला सांगत होते, तरी शेजारच्या काकू हळहळल्या, "शेवटी ट्यूमरनंच नेली." मी गप्प राहिले... मला लेख लिहायची सवय नाही, पण ते गप्प राहणं सलतं आहे. कारण ट्यूमरची गोष्ट मीच पसरवली होती.

मी अकरावीत असताना पारूआत्याला मासळी बाजारात फिट आली. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली. इथल्या डॉक्टरांना ट्यूमरची शंका आली. मुंबईला पुढच्या तपासण्या झाल्या आणि कळलं, गाठ टीबीची आहे, औषधांनी बरी होईल. फुप्फुसं स्वच्छ होती, तिच्यापासून कुणाला लागण होणार नव्हती. आम्ही आनंदानं रडायला हवं होतं, पण घाबरलो. टीबी म्हटल्यावर तिचे मासे कोण घेणार? तिच्या टोपलीवर घर चालायचं, माझं शिक्षणही. बाबा म्हणाले, "ट्यूमरच सांगूया." घरात रिपोर्ट वाचता येणारी मी एकटी, म्हणून लोक मलाच विचारायचे.

दोन महिन्यांनी आत्या पुन्हा बाजारात बसली. मी सोबत होते. नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं, "ट्यूमर ना गो तुला? तरी बसलीस?" मी होकारार्थी मान हलवली. आत्यानं हातातला बांगडा खाली ठेवला.

"टूमर नाय गो बाय, टीबी हाय. आमची पोरगी कॉलेजात गेली नि खोटं बोलायला शिकली."

बाईनं हात मागे घेतला.

"डोक्यात हाय टीबी," आत्या म्हणाली, "बांगड्यात नाय!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. ती बाई मात्र निघून गेली. पुढे कित्येक आठवडे आत्याची टोपली अर्धी भरलेलीच घरी यायची. मी चिडून विचारलं, "काय गरज होती सांगायची?" ती म्हणाली, "चोरून गोळ्या घेतल्या तर येक दिवस चुकंल." मग ती बाजारातच, सगळ्यांसमोर गोळ्या घेऊ लागली. दहा वाजले की शेजारी बसणारी सुमनमावशी ओरडायची, "पारू, गोळी!" दीड वर्षात एक दिवस चुकला नाही. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती, तरी बाजाराबाहेर मी पसरवलेली ट्यूमरची गोष्टच फिरत राहिली. औषध संपलं तरी ती हाक राहिली. हाक आली की सगळ्या मिळून चहा घ्यायच्या. आणि ती निघून गेलेली बाई एकदा परत आली... मासे घ्यायला नाही. सुनेचा खोकला महिनाभर थांबत नव्हता, कुठे दाखवायचं ते विचारायला. आत्या टोपली सुमनमावशीवर सोपवून त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली.

परवा मी बाजारात गेले होते. आत्याचा पाट धुऊन जागेवरच ठेवलेला आहे. एका बाईनं विचारलं, "इथे ती ट्यूमरवाली बसायची ना?"

"ट्यूमर नव्हता," मी म्हणाले. "टीबी होता, डोक्यात. पूर्ण बरी झाली होती." आवाज जरा मोठाच निघाला. दोन-चार जणींनी वळून पाहिलं.

सुमनमावशीनं आत्याचा पाट माझ्याकडे सरकवला. "बस," ती म्हणाली, "दहा वाजले. गोळीची वेळ झाली."