बाबांनी पुसलेला पट्टा

माझा स्वभाव तापट. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे सांभाळून घेत. बाबा तर जरा जास्तच. अकोल्याला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात ते यंत्रांचे पट्टे सांभाळत. सैल पडला की ताणायचा, तुटला की शिवायचा, आणि मुख्य म्हणजे ठिणगी उडू द्यायची नाही. कोरड्या हवेत पट्टा फिरला की त्यावर वीज साठते, आणि शेजारी रुईचे ढीग असतात. एका हंगामात ठिणगी पडलीच. बाबांचा जोडीदार त्या आगीत गेला, बाबांचा डावा तळहात कायमचा आखडला. तेव्हापासून इंजिन सुरू व्हायच्या आधी ते प्रत्येक पट्टा साबणाच्या पाण्यात ग्लिसरीन घालून पुसत. ओलसर पट्ट्यावर वीज टिकत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

मी मात्र पुस्तकं वाचून अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर झालो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कलकत्त्याला सायक्लोट्रॉन, म्हणजे अणू फोडायचं यंत्र, उभारायचं काम चाललं होतं आणि मला तिथं जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. अणूच्या आत काय आहे ते बघायचं तर त्याच्यावर बारीक कण जोरात आदळावे लागतात, आणि कणांना तो जोर द्यायला प्रचंड दाबाची वीज लागते. तशी वीज साठवणारं एक लहानसं यंत्र मी कॉलेजच्या मागच्या खोलीत उभं केलं. तांबटाकडून दोन मोठी घंगाळी तोंडाला तोंड लावून जोडून घेतली, तो गोळा काचेच्या खांबांवर चढवला, आणि खालून वर वीज वाहून न्यायला एक रबरी पट्टा लावला. कलकत्त्याचे एक प्रोफेसर नागपूरला येणार होते. वाट वाकडी करून यंत्र बघायचं त्यांनी कबूल केलं. चाललं तर ते मला घेऊन जाणार होते.

पट्ट्याचा जोड काही केल्या बसेना. मी बाबांना बोलावून घेतलं. ते बडनेऱ्याला गाडी बदलून आले आणि दिवसभर स्टुलावर बसून त्यांनी तो जोड असा शिवला की बोट फिरवलं तरी लागू नये.

मध्येच त्यांनी विचारलं, "हे कायच्या कामाचं हाय रे?"

मी हसलो. "जाऊ द्या बाबा, तुमाले नाई समजनार."

संध्याकाळी यंत्र फिरवलं. गोळ्यातून वीतभर ठिणगी कडाडून बाहेर आली. मी अक्षरशः नाचलो. बाबा भिंतीला टेकून उभे होते, आखडलेला हात काखेत घालून. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर आले. प्रिन्सिपॉल, सगळा स्टाफ, खोलीत उभं राहायला जागा नव्हती. धातूच्या पत्र्यावर कण आदळले की त्यातल्या अणूंची घडण कशी बदलते, यावर मी दहा मिनिटं बोललो आणि मग यंत्र सुरू केलं. पट्टा फिरला, फिरत राहिला. ठिणगी नाही. मी पट्ट्याला हात लावला तर तो गार, ओलसर.

"कोणी हात लावला याला?"

"म्या पुसला," बाबा दारातून म्हणाले. चेहरा असा की एखादं मोठं काम उरकून आलेत. "तुयासाठी पायटीच, कोनी उठाच्या आंदी येऊन पुसला. आता नाई उडत ठिनगी. भेऊ नको."

कोणीतरी हसलं. मग माझा तोल गेला. आमच्या घरातली बोली सोडून मी साहेबी मराठीत ओरडलो, "अडाणी माणसानं यंत्राजवळ यायचंच कशाला? चालते व्हा इथून!"

बाबांनी प्रोफेसरांना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

पट्टा धुऊन वाळवला तेव्हा चार दिवसांत ठिणगी परत आली. मी प्रोफेसरांना तसं कळवलं आणि कलकत्त्याचं बोलावणंही आलं. अकोल्याला मात्र मी गेलो नाही. आधी रागानं, नंतर लाजेनं. बाबांचा हात जिनात भाजला होता, ते घरच्या माणसाला विसरता येतंच कसं? मी विसरलो होतो. हंगाम संपता संपता तार आली. तीन दिवसांच्या तापात बाबा गेले.

तेरावं झाल्यावर मी आणि आई चुलीपाशी बसलो होतो. ती म्हणाली, "त्या दिवसापासून जो भेटन त्याले इचारत होते. जिनातल्या बाबूले, मास्तरले. ठिनगी कामाची कशी असते म्हनून. कोनाले सांगता नाई आलं. मंग म्हनत, पोरगा येईन, तो सांगन."

मला रडू आवरेना. तसाच मी आईला सांगू लागलो. जिनात ठिणगी पडली की आग लागते, पण माझ्या यंत्रात तीच पाहिजे असते. ती उडाली म्हणजे वीज पुरेशी साठली, आता तिच्या जोरावर कण फेकता येतील आणि अणू उघडून बघता येईल.

आईनं लाकूड पुढे सारलं.

"इतकंच होतं?"

"हो."

"मंग त्यायले काऊन नाई सांगतलं रे?"