उजवीकडची फीत

दुधराम कापगते फौजेतून हवालदार होऊन गावी परतला आणि शिलाई मशीन मांडून बसला. अर्जुनी मोरगावच्या आसपासचे सगळे माजी सैनिक जानेवारीत त्याच्याकडे येतात. छातीवरच्या पदकांच्या फिती कोणत्या क्रमाने लावायच्या, परदेशातल्या सेवेची फीत सगळ्यात शेवटी कशी बसवायची, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. माणूस तसा गोड; पण एखाद्याची फीत सूतभर तिरकी दिसली, तर झेंडावंदन सोडून तिच्याकडेच बघत राहील.

धुरपताबाईपुढे मात्र त्याची बोबडी वळते. तिचा मुलगा गजेंद्र आणि हा एकाच पलटणीत, दक्षिण सुदानच्या शांतिसेनेत होते. अकरा वर्षांपूर्वी गजेंद्रची गस्तीची नाव नदीत उलटली. देह सापडलाच नाही, फीत तेवढी घरी आली. जिवंत माणसाने आपली फीत डाव्या छातीवर लावायची आणि गेलेल्याची घरच्यांनी उजव्या, असा फौजेचा रिवाज. धुरपताबाई दरवर्षी पदर पुढे करते आणि डावीकडेच लावून घेते. "पोरगा येनार आहे माहा," म्हणते.

आणि दरवर्षी ती फीत ओली असते. पत्र्याच्या डब्यात कापूर घालून ठेवलेली, तरी ओली. दुधराम इस्त्री फिरवतो, वाफ निघते, शेवाळाचा वास सुटतो. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही.

सांगणार कसं? त्या नावेत जायची पाळी त्याची होती. "मले ताप आहे, तू जा," एवढंच तो गजेंद्रला म्हणाला होता, ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. ताप कसला, निव्वळ सोंग! म्हातारीने एकदा फीत उजवीकडे लावू द्यावी, पोरगा गेला हे मान्य करावं, म्हणजे आपण सुटलो, असं त्याला वाटे.

यंदा सव्वीस जानेवारीच्या सकाळी धुरपताबाई आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "उजवीकडं लाव गा."

दुधरामच्या मनावरचा धोंडाच उतरला. तरी त्याने विचारलं, "यंदा काऊन, काकी?"

"काल दुपारी आला होता ना. बोडीच्या काठावर उभा, पुरा ओलाचिंब. म्हने, आई, आता उजवीकडं लाव." तिने पदर सारखा केला. "तुलेही विचारत होता. म्हने, दुधरामचा ताप उतरला का?"

टाचणी दुधरामच्या बोटात घुसली. शाळेच्या भोंग्यावर गाणी लागली होती, त्याला काही ऐकू येईना. अकरा वर्षं गिळून ठेवलेलं अखेर बाहेर पडलं.

"काकी, मले ताप नव्हता व. माही पाळी होती. मी भेलो होतो."

धुरपताबाई रडली नाही, ओरडलीही नाही.

"मले काऊन सांगून राहिला?" ती म्हणाली. "त्याले सांग." आणि दाराकडे बघत, बाकावर थोडी सरकून तिने शेजारी जागा केली.