गुरवआप्पांचा शेवटचा कौल

सकाळची आंघोळ झाली की देवीची पूजा आटपेपर्यंत आमचे गुरवआप्पा उजव्या हाताने काही म्हणजे काही करत नसत. तो हात छातीशी दुमडून पंचाखाली झाकलेला असायचा. देवळाची कडी डाव्या हाताने काढायची, मोबाईल वाजला तर डाव्या हाताने कानाला लावायचा, वाटेत कुत्रं आडवं आलं तर तेही डाव्याच हाताने हाकलायचं. एकदा पंचायतीचे नवे कानडी साहेब सकाळी सकाळी देवळाकडे आले आणि त्यांनी शेकहँडला हात पुढे केला. आप्पांनी बिनदिक्कत डावा हात दिला. बरोबरच्या मेंबरला घाम फुटला. आप्पांनी कानडीतून साहेबांना समजावलं, की उजवा अजून आईचा आहे, पूजा झाली की तुमचा. साहेब भला माणूस होता. पूजा होईपर्यंत चपला काढून बाहेर बसून राहिला.

आप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमचं गाव खानापूर तालुक्यात, गुंजी स्टेशनावर उतरून जंगलाच्या कडेकडेने आत गेलं की लागतं. गावात भात आणि वर जंगल, एवढंच. मी बेळगावला कारखान्यात नोकरी करतो. शेती थोरला भाऊ बघतो. त्याला मी अण्णा म्हणतो, गाव मारुती म्हणतं. गावदेवीला मात्र सगळे नुसतं आई म्हणतात, आणि आईचं म्हणणं काय आहे ते गावाला कळायचं आप्पांकडून.

कळायचं ते कौलातून. आमच्या भागात ज्यांनी कौल बघितला आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मूर्ती काळ्या दगडाची. तिला अंघोळ घालायची, आणि ओल्या दगडावर दोन खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवायची. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे प्रश्न आईच्या कानावर घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर आई हो म्हणाली, डावी पडली तर नाही म्हणाली. पाकळीला कुणी हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, जवळ जाऊन शिंकायचंसुद्धा नाही. पोरीचं लग्न, बैलाची खरेदी, विहिरीची जागा, सगळं ह्यावर ठरायचं.

अलीकडे लोक काहीही विचारायला लागले होते. एकाने येऊन विचारलं, कुठल्या कंपनीचं सिम घेऊ? आप्पा पाकळी हातात घेऊन त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आई काय कस्टमर केअर हाय व्हय रं?" आणि त्याला घालवून दिलं. दुसऱ्या एका उत्साही मंडळाने आपलं गाव महाराष्ट्रात जाणार का, ह्याचा कौल मागितला होता. आप्पा नको नको म्हणत असताना त्यांना बसवलं. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. मी तिथेच होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आप्पा हसत होते. "आईला दोन्ही भाषा येतेत, तिला कशाला मधी घेताय?" म्हणाले. त्या मंडळाने पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

पोथीतले चमत्कार आप्पांना तोंडपाठ. आमच्या आईचेही होते. ढोल आपोआप वाजला, आटलेल्या तळ्याला रात्रीत पाणी आलं, सुकलेलं खोड पालवलं. मी जरा शिकलेला, त्यात कारखान्यातला. मी त्यांना हटकून छेडायचो, "आप्पा, हे सगळं जुन्या काळातच कसं झालं? आता का होत नाही?" दुसरा एखादा चिडला असता. आप्पा विचारात पडायचे. एकदा त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही.

"माझ्या आज्याच्या वेळेला गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत पाकळी पडायची. बाच्या वेळेला गाऱ्हाणं सपलं की पडायची. मी बसतो तवा एक भात शिजून उतरंल एवढा वेळ जातो. माझ्या मागनं जो बसंल त्याला दिवस घालवाय लागंल." कारण विचारलं तर म्हणाले, "तवा माणसाला दुसरं दार नव्हतं. आता दारं लई झाल्यात. आई म्हणत असंल, मग बघ की तिकडं जाऊन." माणूस स्वतःचा धंदा बसत चालल्याचं एवढ्या शांतपणे सांगतो, ह्याचाच मला धक्का बसला होता.

पण एका बाबतीत आई जुन्यासारखीच जागी आहे, असं आमच्या गावात सगळे धरून चालत. आमच्या शिवेच्या आत साप चावला तर माणूस मरत नाही. आईने विष बांधून ठेवलं आहे. मात्र चावलेल्या माणसाने तिला न विचारता शीव ओलांडली, की बांधलेलं विष सुटतं आणि तो वाटेत जातो. ह्याला अण्णा साक्षीला होता. लहानपणी त्याला साप चावला, तो तीन दिवस देवळात पडून राहिला आणि उठून घरी आला. मी म्हणायचो, साप बिनविषारी असेल. अण्णा म्हणायचा, "तुला चावला न्हवता."

तीन वर्षांमागे सुगीला मी रजा काढून गावी आलो होतो. भाताची कापणी चालली होती. पेंढी उचलायला अण्णा वाकला आणि घोटा धरून खाली बसला. घोणस होती. वहिनीने ती बघितली, मी बघितली. मी शेजारच्याचा टेंपो बोलावला. टेंपो बांधावर येऊन उभा राहिला तरी अण्णा त्यात बसेना. म्हणाला, "मला देवळात न्या. कौल घ्या. आई व्हय म्हणाली तर खानापूर काय, बेळगावाला येतो. न्हाय म्हणाली तर हितंच."

मी ओरडलो, शिव्या दिल्या, पाया पडलो. चौघांनी उचलून टेंपोत घालायला बघितलं तर म्हणाला, धरून नेलंत तर वाटेत उडी टाकीन. तो टाकणारा माणूस होता. शेवटी वेळ घालवण्यापेक्षा टेंपो देवळाकडे वळवला. देवळात अण्णा मंडपाच्या खांबाला मिठी मारून बसला. एवढा धडधाकट, घरादाराचा आधार असलेला माणूस स्वतःच्या मरणाला असा कवटाळून बसलेला बघून माझं डोकं चालेनासं झालं.

आप्पा खळ्यावरून धावत आले. दोन घागरी अंगावर ओतून घेतल्या आणि ओल्या धोतरानेच गाभाऱ्यात शिरले. आईला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "आई, तुजं लेकरू दारात पडलंय. शिवेभायेर न्यावं म्हणत असशील तर उजवी दे. हितं ठेवावं म्हणत असशील तर डावी दे."

पाकळ्या हलेनात. आप्पा हातात निरांजन धरून मूर्तीला अगदी लागून उभे होते. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बाहेर टेंपोवाला हॉर्न देत होता. अण्णाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून तकतकीत झाला. मी मनातल्या मनात आप्पांना, आईला, सगळ्या गावाला शिव्या घालत होतो. थोड्या वेळाने अण्णा बाजूला थुंकला, तर रक्त. हिरड्यांतून येत होतं. तोपर्यंत रडत असलेली वहिनी एकदम रडायची थांबली. ते मला जास्त भीतीचं वाटलं.

आप्पांनी मागे वळून अण्णाकडे बघितलं. पुन्हा मूर्तीकडे बघितलं. निरांजन खाली ठेवलं. त्यांनी उजवा हात वर केला तेव्हा मला वाटलं आता हात जोडतील. त्यांनी उजव्या खांद्यावरची पाकळी काढली. परसातलं फूल खुडावं तशी काढली, आणि बाहेर येऊन अण्णाच्या हातावर ठेवली.

मला तेच हवं होतं. आप्पांनी काहीतरी लबाडी करावी म्हणूनच मी मघापासून तडफडत होतो. पण ते खरोखर घडल्यावर मी मागे सरकलो. आंघोळीपासून पूजेपर्यंत जो हात ह्या माणसाने कुत्र्यालासुद्धा लावला नाही, त्याच हाताने त्याने आईचा कौल उचलला होता, आणि तो सगळ्यांच्या देखत. आधी अण्णाच बोलला.

"आप्पा, ही पडली न्हाय. तुम्ही काढलासा."

"व्हय, काढलो. तुला उजवी पायजे हुती न्हवं? ही घे."

"ह्ये पाप हाय, आप्पा."

"हाय. माजं हाय. तू ऊठ."

अण्णा उठला. जन्मात त्याने आप्पांचा शब्द मोडला नव्हता, तो त्याही वेळेला मोडवला नाही. खानापूरच्या दवाखान्यात सुया दिल्या, तिथून बेळगावला हलवलं. मूत्रपिंड बसायला आलं होतं, रक्त धुवावं लागलं. पण अण्णा परत आला. जरा लंगडत चालतो, एवढंच.

परत आल्यावर अण्णा पहिल्यांदा ओटीचं सामान घेऊन देवळात गेला, तर पूजेला आप्पांच्या चुलतभावाचा मुलगा. अण्णा बेळगावात असतानाच आप्पांनी त्याच्याकडे किल्ली दिली होती. गावाने त्यांना काढलं नव्हतं. कुणी कुणी नावं ठेवली हे खरं, पण पंच स्वतः घरी जाऊन बसले, शुद्धी करू, यात्रेत आईची क्षमा मागू, तुम्ही या म्हणाले. आप्पा म्हणाले, "डोळ्याला दिसत न्हाय आता." ही थाप होती. त्यांना सुईत दोरा ओवता येत होता. सकाळी आंघोळ करून ते देवळाबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, पण दाराकडे पाठ करून. सारा जन्म जिच्यासमोर उभे राहिले तिच्याकडे पाठ केलेले आप्पा मला बघवत नसत.

अण्णाने स्वतःची समजूत घालून घेतली होती. तो सगळ्यांना सांगायचा, "उजवीच पडणार हुती. आप्पांनी घाई केली एवढंच." आप्पांच्या समोरही म्हणायचा. आप्पा ऐकून घ्यायचे आणि पिकाचं विचारायचे.

गेल्या सुगीला मी गेलो तेव्हा आप्पा अंथरुणाला खिळले होते. अंगणात उन्हाला बाज टाकली होती. सुनेला चहा ठेवायला सांगून त्यांनी मला जवळ बसवलं. माणूस जाणार हे दिसत होतं, म्हणून मी आपलं बरं वाटावं असं बोलायला गेलो. म्हटलं, "आप्पा, चमत्कार आता का होत नाहीत म्हणून मी तुम्हाला छळायचो. पण आमच्या अण्णाचा तर झालाच की."

"चमत्कार व्हायलाच लागलता," आप्पा म्हणाले. "मीच होऊ दिलो न्हाय."

मला वाटलं ते अण्णासारखंच बोलत आहेत. म्हटलं, "म्हणजे उजवी सुटायला लागली होती?"

त्यांनी मान हलवली. "डावी."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सावकाश, धापा टाकत सांगितलं. "दिवा धरून जवळ हुतो म्हणून दिसलं. डावीच्या खालनं पाण्याचा थेंब आलता. ती घसराय लागलती. जन्मात कदी ती अशी डोळ्यांदेखत सुटताना बघलो नव्हतो. माज्या आज्यानं बघितलं आसंल. आई हितं हुती रं, माज्या म्होरं, आणि न्हाय म्हणत हुती. मागं बघलो तर मारुत्या रक्त थुकतोय. मग मी काय केलो? डाव्या हातानं डावी दाबून धरलो, आणि उजवी काढलो."

दोन वर्षं हा माणूस हे एकटा घेऊन त्या कट्ट्यावर बसला होता, आणि अण्णाचं बोलणं मुकाट्याने ऐकून घेत होता. मला भडभडून आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. म्हटलं, "मग आई चुकली म्हणायची. अण्णा शिवेबाहेर गेला आणि जगला. तुम्ही बरोबर होता, आप्पा."

"आई चुकंल कशी?" माझ्या बोलण्याने ते दुखावले. "ती न्हाय म्हणाली. मी व्हय म्हणालो. आणि तिनं माजं ऐकलं, परशा. देवानं गुरवाचं ऐकल्यालं कुठल्या पोथीत हाय, सांग मला?"

"मग एकदा आत जाऊन पाया पडा की. मी नेतो उचलून."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "मी तिचं तोंड दाबलो, आणि तिनं माजा शबुद राखला. आता कसा जाऊ रं तिच्या म्होरं?"