दीडशे लिहा

नळांच्या कारखान्यात तिला सगळे निवांतबाई म्हणत. बावीस वर्षं ती एकाच बाकावर नळ जोडत होती आणि तिला घाईत कुणी पाहिलं नव्हतं. डावीकडे वायसरांची वाटी, उजवीकडे दांडे, मध्ये नळाचं पितळी धड. दोन्ही हात बरोबर निघत, बरोबर परत येत. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई शेंगा सोलत बसल्यात.

शेजारच्या बाकावर तिची धाकटी जाऊ, तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. तिची नुसती तारांबळ. वायसर पडे, दांडा उलटा लागे, पदर सुटे.

"धाकटे, नळ जोडतेस की कोंबडी पकडतेस?"

"तुमचं काय जाऊबाई, तुमचे हात झोपेतही नळ जोडत असतील."

एका सोमवारी स्टॉपवॉच लावलेली पाटी घेऊन एक तरुण आला. बायकांनी त्याला लगेच घड्याळवाला करून टाकलं. पोरगा सरळ होता, विचारलं तर समजावून सांगे. सर्वसाधारण वेगाला शंभर रेटिंग. कुणी चपळ दिसली तर शंभराच्या वर, संथ दिसली तर खाली. मोजलेल्या सेकंदांना रेटिंगने गुणायचं, शंभराने भागायचं, की नळाची ठरलेली वेळ निघते.

दोन दिवस त्याने बाराजणींना मोजलं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने निवांतबाईपुढे कागद टाकला. वीस सेकंद, रेटिंग पंच्याऐंशी. म्हणजे ठरलेली वेळ सतरा सेकंद.

"सगळ्यात जुन्या तुम्ही, म्हणून तुमचा कागद धरलाय. सही करा. पुढच्या सोमवारपासून सगळ्यांना सतरा. कच्च्या नोकरीवाल्यांना जमलं नाही, तर घरी."

धाकटीच्या हातातला दांडा निसटला.

निवांतबाईने पेनाला हात लावला नाही. तिने घड्याळवाल्याला विचारलं, "हिला किती दिलेत?"

"छत्तीस सेकंद. रेटिंग एकशे दहा. त्या अगदी जीव तोडून करतात."

तिने खोक्याच्या पुठ्ठ्यावर गुणाकार केला. "जवळजवळ चाळीस. दादा, नळ एकच, बाक तसाच. मग माझ्या कागदावर सतरा आणि हिच्या कागदावर चाळीस कसे? तुम्ही हात मोजलेच नाहीत. घाम मोजलात."

घड्याळवाल्याने दोघींचे कागद शेजारीशेजारी धरले. त्याचे कान लाल झाले.

"बाई, शहाणपण पुरे," सुपरवायझर म्हणाला. "वरून आलंय."

"मग वरच्यांना खाली बोलवा. बाक रिकामा करून देते." ती पुन्हा घड्याळवाल्याकडे वळली. "बाकी दहाजणींना तीसच्या आसपास लागतात, तुमच्याच पाटीवर आहे. तीस धरा. मला दीडशे लिहा, हिला त्र्याऐंशी."

"अहो! मला नापास करताय?" धाकटी कळवळली.

"गप. नापास हो, पण नोकरीत राहा. छत्तीसवरून तीसवर येशील, सतरावर कधीच नाही."

"एकशे वीसच्या पुढे फॉर्मात चौकटच नाही," सुपरवायझर हसला.

"मग चौकटीबाहेर लिहा."

"सही केली नाहीत तर उद्यापासून धुलाईत."

धुलाई म्हणजे मागच्या शेडमध्ये रॉकेलच्या टाकीत सुटे भाग धुवायचे. नखं काळी होत, जेवणालाही तोच वास. निवांतबाई उठली, वाटीवर झाकण ठेवलं. "उद्या कशाला? आत्ताच जाते."

ती गेल्यावर कागद पुढच्या बाईकडे सरकला. तिनेही पेन उचललं नाही. तिसरीला म्हणे चष्मा सापडेना. चौथी म्हणाली, "जोडणीत माझे हात गुंतलेत, साहेब. सतरा सेकंदांत सही कशी होणार?" सगळी रांग हसली. सह्यांशिवाय कागद वर पाठवता येईना. शेवटी घड्याळवाल्यानेच सतरावर काट मारली, शेजारी तीस लिहिले, आणि समासात तिच्या नावापुढे दीडशे. खाली पहिली सही त्याची.

सुपरवायझरने निवांतबाईला मात्र परत बोलावलं नाही.

आठ दिवसांनी नळ कमी पडायला लागले, तेव्हा तो शेडच्या दारात आला. "चुकलं म्हणा आणि बाकावर परत या."

तिने टाकीतून धड काढून निथळत धरलं.

"चूक कुणाची ते कागदावर लिहिलंय, सहीसकट," ती म्हणाली. "बाजूला व्हा, अंगावर रॉकेल उडेल."