कावेरीनं न दिलेली सही

कावेरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते. नवऱ्यानं टाकल्यावर ती इकडे आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. गुहागरजवळच्या गावातलं वडिलांचं कुडाचं घर तिच्याच कमाईतून सिमेंटचं झालं. वडील गेले तेव्हा वारस म्हणून कागदावर तिघांची नावं लागली: आई तानुबाई, थोरला भाऊ गणू आणि कावेरी.

मागच्या वर्षी गणूचा फोन आला. घरासमोरचा रस्ता रुंद झाला होता आणि एका हॉटेलवाल्याला ती जागा हवी होती.

"कावे, तुझं हक्कसोडपत्र लागेल. तू यायला नको. माझ्या मेव्हण्याच्या नावानं तिकडून मुखत्यारपत्र पाठव, तो तुझ्या वतीनं रजिस्ट्रारपुढे सही करेल. बहिणी सोडतातच गं हक्क."

त्यानं काही लपवलं नव्हतं. आई तयार होती. कावेरीही हो म्हणाली. दादाला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

ड्यूटी बदलून घेऊन ती वकिलातीच्या केंद्रात गेली. सोबत हमीदा होती, रत्नागिरीची, इंटरनॅशनल सिटीतल्या एकाच खोलीत दोघी राहतात. खिडकीतल्या बाईनं कागद चाळले आणि विचारलं, "अपनी मर्ज़ी से दे रही हैं ना?"

ती सगळ्यांनाच हे विचारत असणार. पण "दो मिनिट, मॅडम," म्हणून कावेरी बाजूला झाली आणि तिनं गणूला फोन लावला.

"दादा, इथला व्हिसा संपला की मी कुठे यायचं?"

"म्हणजे काय? चिपळूणला, माझ्याकडे."

"वहिनीला विचारलंस?"

"हे आत्ता काय काढलंस?"

"मग त्या जागेतला एक कोपरा माझ्या नावावर ठेव. एक खोली होईल एवढाच."

गणू म्हणाला, "हॉटेलवाल्याला पूर्ण जागा हवीय. आणि तू कसली परत येतेस? तिकडचीच झालीस तू."

कावेरीनं कागद पिशवीत घातले. "खलास, चल," ती हमीदाला म्हणाली. बसमध्ये मात्र ती पदर तोंडावर धरून रडत राहिली.

व्यवहार मोडला. गणूनं आईला चिपळूणला नेलं आणि कावेरीचे फोन घेणं बंद केलं. आईकडे स्वतःचा फोन नव्हता. पुढे काही महिन्यांनी गावातल्या शेजारच्या सावंतकाकूंचा मेसेज आला: 'तानुबाईंचं वाईट वाटलं. तू दिवसांना दिसली नाहीस.' आई गेल्याचं कावेरीला असं कळलं.

महिन्याची रजा काढून ती गावी गेली. घराला कुलूप होतं. काकूंच्या फोनवरून तिनं गणूला चावी मागितली.

"नाव आहे ना तुझं कागदावर?" तो म्हणाला. "मग राहा त्या कागदावर."

"आईनं माझं काही नाव काढलं का रे शेवटी?"

त्यानं फोन ठेवून दिला.

"फोड कुलूप," काकू म्हणाल्या. "हक्क आहे तुझा."

कावेरीनं फोडलं. आत काहीच नव्हतं. आईची खाट, भांडी, अगदी विजेचे बल्बसुद्धा नेले होते. भिंतींना ओल चढली होती. तिनं सगळं घर झाडून काढलं, माजघरातल्या जमिनीवर थोडा वेळ बसली, काकूंनी आणलेला चहा तसाच गार झाला. मग गुहागरच्या बाजारातून नवं कुलूप आणून दाराला लावलं आणि चावी काकूंकडे दिली.

"कोण राहणार गं आता इथे?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही, काकू."

आठवडाभरातच ती दुबईला परतली. हमीदानं तिला ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत सुपरवायझर म्हणाला, "तुम्हारी छुट्टी तो बहुत बाकी है."

"नहीं चाहिए," कावेरी म्हणाली आणि इस्त्रीच्या टेबलाकडे गेली.