कातळावर वाळवलेलं गाणं

दशावतारी नाटकाला गेलेला माणूस राजाला बघतो, राक्षसाला बघतो आणि लुगडं नेसून झोकात येणाऱ्या पुरुषाला तर बघतच राहतो. पखवाजवाल्याकडे बघायला कोणी जात नाही. दशावतारी कंपनीत पखवाज वाजवणाऱ्या धामापूरच्या बाबली परबाला याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याचा स्वतःचाच जीव जडला होता तो असल्या लोकांवर, ज्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आमच्याकडे डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांचे वाभाडे काढतात आणि शेवटी एकाची सरशी होते. जिंकलेल्या बुवांच्या कॅसेटी घरोघर होत्या. बाबलीच्या ट्रंकेत हरलेल्यांच्या होत्या. शिवाय रेडी बंदरावरच्या कामगारांनी हौसेने काढलेल्या बँडची एक होती, त्यात क्लॅरिनेटवाला सगळ्यांच्या आधी गाणं संपवून मोकळा व्हायचा. बाबली डोळे मिटून हे ऐकायचा आणि मधेच ‘अहाहा’ म्हणायचा. बायको आनंदी कपाळाला हात लावायची.

‘‘जिकलेल्या बुवांनी तुमचा काय घोडा मारल्यानी?’’ असं ती विचारायची. बाबली कॅसेट उलटून दुसरी बाजू लावायचा. असल्या खुळाला उत्तर नसतंच.

पण ट्रंकेतलं खरं देवघर म्हणजे ‘तळ्याची राखण’ या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या कोणा हौशी माणसाने पदरमोड करून धामापूरच्या तळ्यावर हा भुताचा सिनेमा काढला होता. तंबूत लागला आणि तिसऱ्या खेळाला तंबू रिकामा झाला. त्यातलं भूत पांढरी पावडर फासून पाण्यातून वर येतं आणि त्याच्या मनगटावर घड्याळ असतं. नायिका भीतीने बेशुद्ध पडते, पण पडण्याआधी साडी नीट करून घेते. बाबली, आचऱ्याचा एक शिंपी आणि कणकवलीचा एक पोस्टमन असे तिघे वेडे वर्षातून एकदा जमून हा सिनेमा बघायचे, घड्याळ दिसलं की टाळ्या वाजवायचे आणि पोट धरून हसायचे.

हसणं थांबायचं एकाच ठिकाणी. भूत तळ्याकाठी बसलंय, आणि मागून एका बाईचा आवाज येतो. ना पेटी ना तबला, कोणीतरी मडक्यावर धरलेला ठेका आणि तो आवाज. दुसऱ्या ओळीत एका शब्दाच्या मधोमध ती श्वास घेते. शिकलेली गायिका असं कधी करणार नाही. पण बाबली दरवेळी कॅसेट मागे नेऊन तेवढंच पुन्हा लावायचा. एवढे मोठमोठे ताल वाजवले, पण त्या बाईच्या मोडक्या श्वासाएवढं आपल्याला काही साधलं नाही, असं तो शिंप्याला म्हणायचा. सिनेमाच्या नामावलीत तिचं नाव नव्हतं.

कुडाळला लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या सुशांतने मागे एकदा सांगितलं होतं, ‘‘काका, कॅसेट माज्याकडे देवा. मोबाइलवर करून देतंय.’’ बाबलीने दिली नाही. कारण सांगितलं की वाटेत हरवेल. खरं कारण वेगळं होतं. मोबाइलवर आली की ती सगळ्यांची होणार, आणि जगात एकट्या आपल्याकडे काहीतरी आहे हे सुख जाणार. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं त्याला हा लोभ फार घट्ट धरून बसतो. पुढे व्हीसीआर बंद पडला, दुरुस्त करणारा कोणी उरला नाही, आणि बाबली नुसतीच कॅसेट हातात घेऊन बसू लागला.

मग गेल्या हिवाळ्यात आचऱ्याला नाटक होतं. सकाळी घरी निघण्यापूर्वी बाबली बांगडे घ्यायला गेला. एका कडेला एक म्हातारी मासे साफ करताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणणं कसलं, नुसता घरघरता वारा. पण एका शब्दाच्या मधोमध तिने श्वास घेतला आणि बाबलीच्या हातातली पिशवी खाली पडली.

‘‘तू सिनेमात गायलेलंस काय गो आये?’’ त्याने विचारलं.

म्हातारीची सुरी थांबली. तिचं नाव नर्मदा. सिनेमावाल्यांचा मुक्काम आचऱ्याला होता, तेव्हा ती त्यांना मासे द्यायची. तिचं गुणगुणणं ऐकून त्यांनी तिला जीपमध्ये घालून तळ्यावर नेलं, मडकं कोणाच्यातरी हातात दिलं आणि गायला लावलं. तंबू गावात आला तेव्हा नवऱ्याने तिला घराबाहेर पडू दिलं नाही. सिनेमात गाणारी बायको म्हणजे गावात शोभा, असं त्याचं म्हणणं. नवरा गेला. आता घरात हे सांगितलं की नात हसायची. नात रिया कॉलेजात जाणारी, मनाने वाईट नाही, पण आजीच्या गप्पांमध्ये आजी एकदा वाघाशीही बोललेली होती, त्यामुळे तिचाही इलाज नव्हता.

‘‘माजो आवाज कसो होतो रे?’’ नर्मदेने विचारलं. ‘‘माका कोणी आयकवक नाय.’’

बाबलीने तिथेच, मासे कापायच्या पाटासमोर उकिडवं बसून तिला ते गाणं ऐकवायचा शब्द दिला. लोभ वगैरे सगळा एका क्षणात गळून पडला. खरं तर तो आधीच जायला हवा होता, पण माणसाच्या हातात थोडंच असतं ते! त्याने सुशांतला फोन केला. सुशांतचं जुनं मशीन बिघडलं होतं, त्याचा एक भाग कुठून कुठून मागवावा लागला. हिवाळा गेला, आंबे आले. मे महिन्यात सुशांतचा निरोप आला, ‘‘काका, मशीन चालू झाला. कॅसेट घेवन येवा.’’

त्या दिवशी कंपनीचं नाटक रेडीला होतं. परत आल्यावर कुडाळला न्यायची म्हणून बाबलीने कॅसेट ट्रंकेतून काढून ओसरीवर ठेवली. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. तो आनंदीला म्हणाला, ‘‘बुरशी धरल्यान गो. आता देव करीत तसा.’’ आणि असा उदास चेहरा करून रेडीच्या गाडीत बसला की आनंदीला दिवसभर चैन पडलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे काय वाळत नाही? आमसुलं वाळतात, फणसाची साठं वाळतात, गोधड्या वाळतात. पावसाच्या आधी घरातली बुरशी मारायला उन्हासारखं औषध नाही, हे आनंदी सासूकडून शिकली होती आणि सासू तिच्या सासूकडून. नवरा परत येईपर्यंत त्याची लाडकी वस्तू लख्ख करून ठेवावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिने कॅसेटची पुढची पट्टी उघडली, हलक्या हाताने सगळी फीत बाहेर काढली, खोबरेल लावलेल्या फडक्याने वीतवीतभर पुसली आणि घरामागच्या कातळावर, आमसुलांच्या शेजारी पसरून ठेवली. मेमधल्या कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. कावळ्यांनी ओढू नये म्हणून ती स्वतः सावलीत बसून राखण करत होती.

बाबली दुसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा ती हसतमुखाने म्हणाली, ‘‘बगा, एक ठिपको रवाक नाय बुरशेचो!’’

फीत आकसून, सुरकुतून, एकमेकीला चिकटून पडली होती. बाबलीने आधी फितीकडे बघितलं, मग आनंदीकडे. ओरडायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा उन्हाने लाल झालेला आणि बोटं तेलकट, ओरडणार कोणावर? ‘‘बरा केलंस,’’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि तो विहिरीवर जाऊन हातपाय धूत बसला. आनंदीला खरं काय झालं ते नंतर कळलं. ती दोन दिवस धड जेवली नाही, आणि तिची समजूत काढायचं कामही बाबलीच्याच गळ्यात पडलं.

सुशांतने जिवाचा आटापिटा केला. पोरगा गुणी. फीत सोडवली, जोडली, पुन्हा गुंडाळली. पडद्यावर मुंग्या आल्या, रेघा आल्या, आणि क्षणभर भूत आलं, मनगटावरच्या घड्याळासकट. आवाजाच्या जागी नुसती खरखर. ज्यावर तिघे हसायचे तेवढंच शिल्लक राहिलं होतं. शिंप्याकडे, पोस्टमनकडे दुसरी प्रत नव्हती. त्यांनी प्रत काढायला कॅसेट मागितली तेव्हा बाबलीने दिली नव्हती.

शब्द दिलेला होता, म्हणून तो पखवाज घेऊन आचऱ्याला गेला. दुसरं त्याच्यापाशी होतं काय? गळा म्हणाल तर त्याने आरती म्हटली तरी लोक मागे वळून बघायचे. नर्मदा ठेवणीतलं पातळ नेसून पडवीत बसली होती. रिया मोबाइल सरसावून उभी. बाबलीने सगळं सांगितलं, पण म्हातारीला ते कळलं असं दिसलं नाही. त्याने रियाकडून कणीक मागून घेतली, आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापली आणि मडक्यावरचा तो ठेका धरला. अगदी तसाच, दुसऱ्या ओळीतल्या त्या श्वासाला जरा अडखळून.

नर्मदेची मान हलू लागली. तिने तोंड उघडलं. आधी खोकला आला, मग वारा आला, मग काहीच आलं नाही. ती थांबली. बाबली मात्र वाजवत राहिला, कारण हात थांबले तर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

‘‘आजी,’’ रिया हळूच म्हणाली, ‘‘तू खराच गायलेलंस?’’

नर्मदेने बाबलीकडे बोट केलं. ‘‘सांग रे तिका.’’

‘‘गायलेली,’’ बाबली म्हणाला. ‘‘मी आयकलंय. कितीदा आयकलंय.’’

‘‘तू आयकलंस रे बाबा,’’ नर्मदा म्हणाली. ‘‘माकाच तेवडा आयकाक गावला नाय.’’

बाबली पखवाजावरची कणीक खरवडू लागला. ती निघाली तरी तो बराच वेळ खरवडतच होता.